पुरुषाचं बाळंतपण

साताऱ्याचं नाव निघालं की लढाया आठवतात, गड आठवतात. पण या मुलखाला आणखी एक इतिहास आहे. तो आजारातून उठण्याचा इतिहास आणि तो फारसा कुणी सांगत नाही. १६७३ साली साताऱ्याचा किल्ला स्वराज्यात आला. पुढं याच किल्ल्यावर, आपल्या अजिंक्यताऱ्यावर, अंगात ज्वर भरल्यानं शिवाजी महाराजांना सुमारे दोन महिने विश्रांती घ्यावी लागली. ज्या राजाला घोड्यावरून उतरायला उसंत नव्हती, त्यालाही शरीरानं थांबवलं. मोहिमांच्या इतिहासात हे दोन महिने एका ओळीत संपतात. पण आजारातून उठलेल्या माणसाला विचारा, दोन महिने म्हणजे काय असतं ते.

नंतर इंग्रज आले. त्यांना इथली हवा मानवली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरी ठाणं वसवलं, ते मुख्यतः आजारी गोऱ्या अंमलदारांना हवापालट मिळावा म्हणून. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथं क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटलेले थकलेभागले गांधीजी त्याच वर्षी प्रकृती सावरण्यासाठी पाचगणीला येऊन राहिले. म्हणजे गेली दोनशे वर्षं लोक आपल्या जिल्ह्यात बरं व्हायला येताहेत.

पण ही सगळी ऐपतदारांची गोष्ट झाली. गरिबाच्या बरं होण्याचा पत्ता वेगळा होता. तो मिरजेचा.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वानलेस अमेरिकन मिशनतर्फे १८८९ साली हिंदुस्थानात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. जागा मिरजेच्या संस्थानिकांनी दिली. सतार-तंबोऱ्यांचं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याचं हे गाव पाहता पाहता दक्षिण महाराष्ट्राचं आणि उत्तर कर्नाटकाचं दवाखान्याचं गाव झालं. १९२८ साली वानलेसना 'सर' हा किताब मिळाला. त्यांचं नाव वानलेसवाडीच्या रूपानं आजही लोकांच्या तोंडी आहे. आमच्या भागात एखाद्याची तब्येत फार बिघडली की 'आता मिरजेलाच न्या' असं म्हणायची रीत होती. त्या काळी ऑपरेशनसाठी नुसता पेशंट जात नसे, घर जात असे. बरोबर पिठाचा डबा, स्टोव्ह, वळकटी आणि दोन माणसं. एक उशाशी बसायला, एक भाकरी थापायला. मुक्काम आठवड्यांच्या हिशोबानं चाले. माणूस दवाखान्यातच चालता व्हायचा आणि मगच एस.टी.त किंवा रेल्वेत बसायचा.

आज हे उलटं झालं आहे. ऑपरेशन मोठं आणि मुक्काम लहान. ज्या ऑपरेशनविषयी मी बोलणार आहे ते प्रोस्टेटच्या कर्करोगाचं. त्यात आख्खी ग्रंथी काढून टाकतात आणि तरीही माणूस दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात घरी येतो. बरं होण्याचं काम दवाखान्यानं घराकडं सोपवलं आहे. घराला मात्र ते कुणी शिकवलेलं नाही. गेल्या वर्षी मी स्वतः या वाटेनं गेलो. त्यामुळं पुढचं जे सांगणार आहे, त्यातलं काही पुस्तकातलं आहे आणि काही अंथरुणावरचं.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी ती बहुतेकांची वाढते आणि ती वाढ साधीच असते. काहींच्या बाबतीत तिथं कर्करोग होतो. लघवी अडवणाऱ्या, दगडासारख्या गाठीचं वर्णन आपल्या जुन्या वैद्यकात 'वाताष्ठीला' या नावानं आलेलं आहे. म्हणजे दुखणं नवं नाही.

सुश्रुताचं नाव आपण प्लास्टिक सर्जरीसाठी घेतो. पण मुतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्यानं जे लिहिलं आहे, ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे. शस्त्र चालवण्याइतकंच त्याचं लक्ष त्यानंतरच्या दिवसांवर आहे. रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवा, हलका आहार द्या, असं तो सांगतो. आणि जखम भरल्यावरही वर्षभर घोडा, हत्ती, रथ यांवर चढू नये, डोंगर आणि झाड चढू नये, पोहू नये, जड अन्न खाऊ नये, स्त्रीसंग करू नये, असा दंडक घालतो. एवढ्या जुन्या काळी या माणसाला कळलं होतं, की टाका घातला म्हणजे काम संपलं नाही. सुश्रुताच्या हिशोबानं आम्हा सातारकरांना वर्षभर अजिंक्यतारा बंद!

तिकडं स्पेनमध्ये कॉर्डोव्हाजवळ दहाव्या-अकराव्या शतकात अबुल कासिम अल-जहरावी हे मोठे शल्यवैद्य होऊन गेले. अडलेली लघवी काढायला चांदीची बारीक, गुळगुळीत नळी वापरावी, असं त्यांनी लिहून ठेवलं. लघवीच्या नळीचा इतिहास असा जुना आहे. पण चांदीची असली तरी ती घालायची आणि काढायची. ती आत ठेवून माणसानं हिंडावं, हे त्या वेळी शक्य नव्हतं.

प्रोस्टेटचा कर्करोग मुळासकट काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केली. जीव वाचण्याची वाट उघडली, पण किंमत मोठी होती. लघवीवरचा ताबा जाई आणि पुरुषपणही जाई. शिवाय बहुतेकांचा रोग कळेपर्यंत पसरलेला असे. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो आणि ते कमी केलं तर तो मागं हटतो. त्यांना १९६६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. १९८० च्या दशकात पी.एस.ए. ही रक्ततपासणी वापरात आली आणि रोग लवकर सापडू लागला.

याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. १९८१ साली जॉन्स हॉपकिन्सचे पॅट्रिक वॉल्श हॉलंडमधल्या लायडन गावी पीटर डोंकर या निवृत्त डच सर्जनना भेटले. दोघांनी मिळून एका मृत अर्भकाच्या देहात त्या बारीक नसांचा माग काढला, ज्या तोवर शस्त्रक्रियेत नकळत कापल्या जात होत्या. १९८२ मध्ये वॉल्श यांनी त्या नसा जपून पहिली शस्त्रक्रिया केली. जगात डोळेही न उघडलेल्या एका बाळानं कितीतरी पुरुषांचा संसार राखला. त्याच्या आईला हे कुणी सांगितलं असेल का, कोण जाणे. पुढं २००० नंतर डेट्रॉइटमध्ये भारतीय वंशाचे मणी मेनन यांनी रोबोटच्या साहाय्यानं ही शस्त्रक्रिया रुळवली. आता ती पुण्या-मुंबईतही होते.

हा झाला थिएटरच्या आतला इतिहास. सर्जनांची नावं आहेत, साल आहे, नोबेल आहे. पण घरी बरं होण्याचा इतिहास यात कुठं आहे?

तो आहे, पण लहान लहान वस्तूंमध्ये लपलेला आहे. पहिली वस्तू म्हणजे तीच लघवीची नळी. १९३० च्या दशकात अमेरिकेतले फ्रेडरिक फोली यांनी रबराच्या नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा बसवला. नळी आत गेली की फुग्यात पाणी भरायचं. मग ती आपोआप जागेवर राहते, बांधावी लागत नाही. एवढासा फुगा, पण माणूस खाटेवरून सुटला. दुसरी गोष्ट चालण्याची. पूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे हलू देत नसत. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी आणि जखमी फार अशी वेळ आली. लवकर उठवलेली माणसं लवकर सुधारतात, पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही कमी होतो, हे पटत गेलं. म्हणून आज डॉक्टर दुसऱ्या दिवशीच 'उठा, चाला' म्हणतात आणि आपल्या घरची माणसं 'पडून राहा' म्हणतात. दोघांच्यामध्ये पेशंट आपली पिशवी हातात धरून उभा!

ती पिशवी म्हणजे घरी बरं होण्याचा पहिला धडा. नळी साधारण आठवडा ते दोन आठवडे असते. तिची पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकवायची, वेळेवर रिकामी करायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. सांगायला चार ओळी. पण ज्या बापानं आयुष्यभर घरात आवाज चढवला, त्याची पिशवी त्याचा तरुण मुलगा बाथरूममध्ये ओततो, तेव्हा घरातली जुनी व्यवस्था हलते. बाप भिंतीकडं बघतो, मुलगा पिशवीवरचे आकडे बघतो. कुणी काही बोलत नाही. मी हे बऱ्याच घरांत ऐकलं आहे.

माझी थोरली बहीण, आमची आपा, कराडहून माझ्याकडं आली होती. तिनं खोलीचा ताबा घेतला, खिडकीची झडप लावली, भेटायला येणाऱ्यांच्या वेळा ठरवल्या आणि आमच्या दखनीत जाहीर केलं, "चालीस दिन का चिल्ला समझो भाई, उठने की घाई नक्को." चिल्ला म्हणजे आमच्याकडं बाळंतिणीचे चाळीस दिवस. मग तिनं बाळंतिणीला करतात तसा हरीरा केला, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून पातळ भाज्या केल्या, जड उचलायला बंदी घातली. पाण्याची कळशी तर सोडाच, नातवालासुद्धा उचलू दिलं नाही. आणि डॉक्टरांच्या कागदावर बघावं तर तेच: सहा आठवडे वजन उचलू नये, कुंथू नये, हलका आहार घ्यावा, भरपूर पाणी प्यावं, रोज थोडं थोडं चालावं. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपाचा हिशोब दोन दिवसांनी चुकला, एवढंच!

तेव्हा ध्यानात आलं, की आपल्या घरांना बरं करण्याची एक पक्की व्यवस्था माहीत आहे. ती बाईच्या बाळंतपणाची. सव्वा महिना म्हणा, चिल्ला म्हणा. हिंदू घरात डिंकाचे नि अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, मालिश, बाळंतकाढा. मुसलमान घरात हरीरा आणि चाळिसाव्या दिवसाची आंघोळ. त्यातलं काही शास्त्राला धरून आहे, काही नाही, पण त्यामागं एक मोठी समजूत आहे. शरीर फाटलेलं आहे, त्याला सांधायला दिवस लागतात आणि ते दिवस मागून घ्यायचा माणसाला हक्क आहे. पुरुषाला हा हक्क आपण दिलेला नाही. त्याला 'सुट्टी' असते आणि सुट्टी संपली की तो बरा झाला असं धरतात.

गंमत अशी, की या आजारात पुरुषाच्या मदतीला खरोखरच बाळंतिणीची विद्या येते. नळी काढल्यावर लघवी आपोआप गळते. शिंक आली, खोकला आला, उठून उभं राहिलं, की कपडे ओले. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत, काही महिन्यांत कमी होत जातं. काहींना वर्ष लागतं. यावरचा पहिला उपाय म्हणजे कमरेच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. लघवी किंवा वायू रोखायला आपण जो स्नायू आवळतो, तो आवळायचा, काही क्षण धरायचा, सोडायचा. दिवसातून ठरावीक वेळा, डॉक्टर सांगतील तेव्हापासून. जगभर याला 'केगेल' म्हणतात. आर्नल्ड केगेल हे लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली त्यांनी हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांपर्यंत तो नंतर आला. पोवई नाक्यावर मिशीला पीळ देत उभा राहणारा गडीही शेवटी बाळंतिणीचाच व्यायाम करतो आणि त्यानंच कोरडा होतो.

दुसरं उदाहरण माझ्या धर्मातलं. नमाजी माणसाला या गळतीचं दुःख दुप्पट असतं. कपड्याला थेंब लागला की वजू गेला, मग नमाज कशी पढायची? काही म्हातारे या भीतीनं मशिदीची पायरी सोडतात आणि एकटे पडतात. पण फिकहमध्ये याचं उत्तर शतकांपूर्वी देऊन ठेवलं आहे. अशा माणसाला 'माजूर' म्हणतात. आमच्या हनफी रिवाजात त्यानं प्रत्येक नमाजेच्या वेळेला एकदा वजू करायचा. ती वेळ संपेपर्यंत थेंब गळला तरी त्याची नमाज दुरुस्त आहे. उभं राहणं होत नसेल तर बसून, तेही होत नसेल तर पडून इशाऱ्यानं. आणि हा नियम आला कुठून? फातिमा बिन्ते अबी हुबैश या बाईंचा रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांनी पैगंबर साहेबांना विचारलं, मी नमाज सोडू का? उत्तर मिळालं, सोडू नकोस, हे शिरेचं रक्त आहे. पुढं फकीहांनी त्याच धाग्यानं लघवी न थांबणाऱ्या पुरुषालाही सवलत दिली. एका बाईनं लाज बाजूला ठेवून प्रश्न विचारला, म्हणून चौदाशे वर्षांनंतर साताऱ्यातला एखादा म्हातारा निर्धास्त सजदा करू शकतो.

बायकांनी विचारलं. पुरुषांनी काय केलं? पुरुषांनी लपवलं. फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांना १९८१ मध्ये, अध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांतच, हा कर्करोग असल्याचं कळलं. देशाला ते कळलं १९९२ मध्ये, ऑपरेशनच्या वेळी. अकरा वर्षं एका राष्ट्रानं ते गुपित पोसलं. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन १९६३ साली प्रोस्टेटसाठी रुग्णालयात गेले, दुखणं फार वाईट असावं असं धरून त्यांनी पद सोडलं. गाठ साधी निघाली. ते त्यानंतर तेवीस वर्षं जगले! आपल्या मुंबईचे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली १९८७ मध्ये नव्वदी ओलांडून गेले, ते याच आजारानं. त्यांच्या पक्ष्यांबद्दल शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आजाराचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

मोठ्यांचं हे, तर मग गल्लीतल्या माणसाचं काय सांगावं? 'कसलं ऑपरेशन झालं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'पोटाचं', 'हर्नियाचं', 'मुतखड्याचं'. या लपवण्याची किंमत दुसराच कुणीतरी देतो. शेजारचा पन्नाशीचा माणूस रात्री चार-चार वेळा उठतो, धार बारीक झाली आहे, पण वयाचं असेल म्हणून गप्प बसतो. बहुतेक वेळा ते खरंच वयाचं असतं. पण कधी नसतंही आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीच्या कर्करोगाला तर पुष्कळदा काही लक्षणच नसतं. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला, त्याला धोका जास्त असतो. बाप 'पोटाचं' म्हणून गेला, तर मुलाला ते कळणार कसं?

दुसरी किंमत बायको देते. नवरा-बायकोतलं जे नातं काही काळ थांबतं, कधी कधी कायमचं बदलतं, त्याबद्दल बोलायला आपल्या भाषेत सभ्य शब्दच कमी आहेत. नसा वाचवल्या असल्या तरी त्या जाग्या व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात, याला औषधोपचार आहेत, हे डॉक्टरांना विचारलं तर ते सांगतात. विचारलं नाही तर पुरुष चिडचिडा होतो आणि बाई आपलंच काहीतरी चुकलं असं समजते. रात्री चादरी बदलणारी, पिशवीतला रंग बघून घाबरणारी, ताप आला का म्हणून पहाटे कपाळाला हात लावणारी हीच. फोलींच्या नळीला फोलींचं नाव आहे, वॉल्शच्या शस्त्रक्रियेला वॉल्शचं. घरी माणूस बरा करणाऱ्या या हातांचं नाव वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात आहे?

म्हणून मला वाटतं, हे ऑपरेशन झालेल्या पुरुषाला घरानं उघडपणे त्याचे चाळीस दिवस द्यावेत. त्याची खोली, त्याचा आहार, त्याचं रोजचं चालणं ठरवून द्यावं. पहिल्या आठवड्यात ओसरीपर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग राजवाड्यापर्यंत. ताप आला, नळीतून लघवी यायची थांबली, रक्ताच्या गाठी आल्या, पोटरी सुजून दुखू लागली, तर उद्यावर न ढकलता दवाखाना गाठावा. काही आठवड्यांनी होणारी पी.एस.ए.ची तपासणी आणि त्यानंतरच्या तपासण्या चुकवू नयेत. आणि त्या माणसानं बदल्यात एकच करावं. भेटायला आलेल्यानं 'कसलं ऑपरेशन?' म्हणून विचारलं, की आवाज न उतरवता सांगावं, 'प्रोस्टेटचं. कॅन्सर होता. काढला.' समोरचा क्षणभर गप्प होईल. मग खुर्ची जरा पुढं ओढून हळूच विचारील, 'मलाही रात्री उठावं लागतं हो, कुणाला दाखवू?'

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)